खंड्याची पालखी आणि पोरका राजा
रायगडावर बालपण हरवलेल्या शाहू छत्रपतींनी मुक्या सोबत्याची आठवण कशी जपली

महाड : किल्ले रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीमागे उभा असलेला वाघ्या कुत्र्याचा पुतळा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला आहे. १९३६ मध्ये उभारलेल्या या पुतळ्यावरून वादही बरेच झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये तो चौथऱ्यावरून हटविण्यात आला आणि काही दिवसांतच पुन्हा बसविण्यात आला. पुढे २०२५ मध्ये हा वाद नव्याने उफाळला. वाघ्याची कथा समकालीन कागदपत्रांत सापडत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा. मात्र याच गडाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या एका छत्रपतींनी आपल्या कुत्र्यासाठी खरोखरच पालखी दिली, जहागिरीच्या सनदा काढल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर नदीकाठी त्याची समाधी उभी राहिली, ही हकिकत महाड-पोलादपूरच्या परिसरात फारशी कोणाला ठाऊक नाही. हे छत्रपती म्हणजे शिवरायांचे नातू आणि संभाजी महाराजांचे पुत्र, साताऱ्याचे थोरले शाहू महाराज.

शाहू महाराजांचा उल्लेख झाला, की बाजीरावांच्या घोडदौडी, दिल्लीची स्वारी, वसईचा विजय या गोष्टी आधी आठवतात. त्या सर्व त्यांच्या बेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीतच घडल्या. परंतु हे राज्य ज्यांच्या नावाने चालले, तो माणूस कसा होता, याकडे पाहायचे तर सुरुवात कोकणातूनच करावी लागते.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे झाला. मूळ नाव शिवाजी. आई येसूबाई ही शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातील. बाळ सात वर्षांचेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वर येथे मोगलांच्या हाती लागले आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची क्रूर हत्या झाली. रायगडावर त्या दिवसांत काय अवस्था असेल, याची कल्पनाच केलेली बरी. गादीचा वारस लहान, शत्रू दाराशी आणि निर्णय घ्यायला एक तरुण विधवा. येसूबाईंनी आपल्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून दीर राजाराम महाराजांना राज्याची सूत्रे दिली आणि सर्वांनी एकाच गडावर अडकून पडू नये म्हणून त्यांना बाहेर पडण्यास सांगितले. एप्रिल १६८९ च्या सुमारास राजाराम महाराज गडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले आणि तेथून पुढे दूरच्या जिंजीपर्यंत पोचले. आज पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा प्रवासी ज्या डोंगररांगांतून जातो, त्याच मुलुखातील ही धावपळ होती. शिवचरित्र संस्कृतात रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. पण ज्या राजघराण्याचे चरित्र त्यांनी लिहिले, त्या घराण्यावर पुढे कोणते दिवस आले, ते याच खोऱ्यातील वाटांनी पाहिले.

येसूबाई मात्र मुलाला घेऊन गडावर राहिल्या. इतिकादखानाने, म्हणजे पुढे झुल्फिकारखान म्हणून प्रसिद्धी पावलेल्या मोगल सरदाराने, रायगडाला वेढा घातला होता. सारा पावसाळा गड झुंजला. या भागातील पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना धुक्यात बुडालेल्या त्या माथ्यावर वेढ्यात काढलेले चार महिने म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अखेर नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. सात वर्षांचे शाहू, येसूबाई, शिवरायांच्या राणी सकवारबाई, शाहूंचे सावत्र बंधू मदनसिंग अशी राजकुटुंबातील मंडळी कैद होऊन औरंगजेबाच्या छावणीत दाखल झाली.

लाल कनातीतील सतरा वर्षे

येथून पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ शाहूंचे घर म्हणजे एक हलता तंबू होता. बादशहाच्या डेऱ्याजवळ, लाल कनातीने वेढलेल्या आवारात त्यांना ठेवण्यात आले. सात हजारी मनसब मिळाली, राजा हा किताब मिळाला; पण छावणी जिकडे जाईल तिकडे जायचे आणि पहाऱ्यात राहायचे, हे काही चुकले नाही. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा बेगम हिने मायलेकरांवर माया केली. धर्मांतराचा प्रसंग आला, तेव्हा तिच्याच मध्यस्थीने तो टळला आणि शाहूंच्या ऐवजी प्रतापराव गुजर यांचे पुत्र खंडेराव यांनी ते संकट आपल्या अंगावर घेतले, असा इतिहास आहे. शाहूंनी हे उपकार जन्मभर लक्षात ठेवले.

बंदिवासात वाढलेल्या मुलाला स्वतःचे असे काय मिळणार? चाकर बदलतात, पहारेकरी बदलतात, मुक्कामाची गावे बदलतात. शाहूंना घोडा, कुत्रा, शिकार, पक्षी यांचा जो पुढे विलक्षण नाद लागलेला दिसतो, त्याचे मूळ या छावणीतील दिवसांत शोधण्याचा मोह होतो. पुरावा म्हणून तो पुरेसा नाही. पण ज्याला माणसांवर विसंबता येत नाही, तो जनावरांकडे वळतो, हे जगात इतरत्रही दिसते. मोगल दरबारातही त्याची परंपरा होती. जहांगीर बादशहाने मानसराज नावाच्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखूपुरा येथे उंच मनोरा उभारला होता. हरीण मिनार म्हणून तो आजही उभा आहे.

३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर येथे मरण पावला. गादीसाठी उत्तरेकडे निघालेल्या शहाजादा आझमशहाबरोबर शाहूंनाही नेण्यात आले. मे महिन्यात भोपाळजवळील दोराहा येथून त्यांना दक्षिणेकडे परतण्याची मोकळीक मिळाली. मराठ्यांमध्ये शाहू आणि ताराबाई असे दोन तट पडतील, हा त्यामागील हिशेब होता आणि तो अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतले. पंचविशीतील शाहू आई, पत्नी आणि भाऊ यांना मागे ठेवून स्वराज्याच्या वाटेला लागले.

वाटेत त्यांनी खुलताबाद येथील औरंगजेबाच्या कबरीला भेट दिल्याचे इतिहासकार नमूद करतात. ज्याने आपल्या पित्याची हत्या करविली, त्याच्या कबरीपुढे जाणाऱ्या या राजाविषयी आजही तीव्र मतभेद होतात. त्यात राजकारण किती आणि मन किती, हे ठरवणे सोपे नाही. साताऱ्यातील बेगम मशीद झीनतउन्निसेच्या स्मरणार्थ शाहूंनी बांधविली, असे मानले जाते. एवढे खरे, की गेलेल्या व्यक्तीसाठी काहीतरी करून ठेवावे, ही ओढ त्यांच्या स्वभावातच होती आणि ते करताना समोरची व्यक्ती मित्रपक्षाची की शत्रुपक्षाची, राजघराण्यातील की सामान्य, याचा विचार ते फारसा करीत नसत.

पालखीत टाकलेले मूल

याच प्रवासातील एक प्रसंग शाहूंच्या चरित्रात फार महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील पारद येथे गावकऱ्यांनी शाहूंच्या सैन्याला विरोध केला. चकमकीत गावचा पाटील लोखंडे मारला गेला. त्याची विधवा लहान मुलाला घेऊन आली आणि ते मूल तिने शाहूंच्या पालखीत टाकून अभय मागितले. शाहूंनी मूल परत दिले नाही. ते आपलेच मानले. पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले आणि त्याला भोसले हे आडनाव दिले. अक्कलकोटच्या राजघराण्याचे मूळपुरुष ते हेच फत्तेसिंग.

पालखी ही त्या काळी केवळ बसण्याची सोय नव्हती. तो मान होता. कोणाला पालखी द्यायची, कोणाला अबदागीर, कोणाला नौबत, हे छत्रपती ठरवीत आणि त्याबरोबर भोई, मशालजी, त्यांचा पगार, वस्त्रे यांची नेमणूक लावून देत. असा मान मिळविण्यासाठी मातब्बर सरदार आयुष्य वेचीत. शाहूंनी तीच पालखी पुढे कोणाला दिली, हे समजून घ्यायचे तर हा संदर्भ ध्यानात ठेवावा लागतो.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेड येथे ताराबाईंच्या सैन्याशी गाठ पडली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि पारडे फिरले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यानंतरची पाच-सहा वर्षे अत्यंत ओढगस्तीची होती. खजिना रिकामा, सरदार आज इकडे तर उद्या तिकडे. १७१३ मध्ये श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले, त्यांनी कान्होजी आंग्रे यांच्याशी समेट घडविला आणि गाडी रुळावर आली. हा सारा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही.

पण १७१९ हे वर्ष सोडून चालणार नाही. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्यांच्याबरोबर येसूबाई आणि मदनसिंगही परतले. रायगड सोडल्यापासून तीस वर्षे उलटली होती. शेवटचा निरोप घेतला तेव्हा मुलगा पंचविशीचा होता, आता तो सदतीस वर्षांचा छत्रपती होता. सनदांचे महत्त्व इतिहासाच्या पुस्तकांतून भरपूर सांगितले जाते. त्या दिवशी साताऱ्यात राजाला खरी किंमत कशाची वाटली असेल, हे ओळखायला मात्र इतिहासकार असण्याची गरज नाही.

रायगड परत येतो

मायलेकरांची भेट झाली, तरी ज्या गडावरून ती बंदी होऊन निघाली, तो गड अद्याप परका होता. मोगलांनी रायगड जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपविला होता. आजोबांची समाधी शत्रूच्या ताब्यात आणि नातू छत्रपती, अशी ही विलक्षण स्थिती होती. सिद्दीशी वैर चिघळायला एक मोठे निमित्त झाले ते हत्तीचे. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांच्यासाठी येणाऱ्या एका हत्तीवरून सिद्दी सात याच्याशी तंटा झाला आणि १७२७ मध्ये चिपळूणजवळील परशुराम देवस्थान उद्ध्वस्त करण्यात आले. स्वामींनी शाहूंकडे सतत तगादा लावला आणि १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम निघाली.

या मोहिमेत रायगड पुन्हा मराठ्यांच्या हाती आला तो जून १७३३ मध्ये, पंतप्रतिनिधींच्या माणसांकडून. बाजीराव पेशवे त्याच वेळी गडासाठी बोलणी करीत होते. प्रतिनिधींनी मध्येच बाजी मारल्याने ते नाराज झाले. कोणी घेतला यावरून दोन मोठ्या माणसांत रुसवेफुगवे झाले, ही आपली जुनीच रीत. गड गेला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. परत आला तेव्हा एकावन्न वर्षांचे. चव्वेचाळीस वर्षांनी महाडच्या खोऱ्यावर पुन्हा भगवा फडकला.

शिकार, बाग आणि खंड्या

शाहू स्वतः फारशा लढाया लढले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी शाहूनगर वसविले, तेच आजचे सातारा शहर. वर्षातील थंडीचे दिवस शिकारीत जात. पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यांतील खासगी जीवनाविषयीच्या कागदांतून हा राजा वेगळाच दिसतो. चांगली घोडी, शिकारी कुत्री, पक्षी, बागेसाठी झाडे यांची त्यांना अखंड हौस. मोहिमेवर गेलेल्या मोठ्या सरदारांकडूनही अशा गोष्टींची अपेक्षा असे. दिल्लीला धडक देणाऱ्या फौजांचा धनी बागेतील रोपांची चौकशी करतो, हे पाहून काहींना हसू येते. त्यात हसण्यासारखे काही नाही. सतरा वर्षे ज्याला एक झाड लावून त्याची सावली पाहण्याइतकेही एका जागी राहता आले नाही, त्याला बागेची ओढ लागावी हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

घोड्याविषयी येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. मराठ्यांचे सारे सामर्थ्य घोड्यावर उभे होते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची पत, पगार आणि पोट तिन्ही गेले. त्यामुळे लढाईत घोडा पडल्यास त्याची भरपाई सरकारातून देण्याची पद्धत होती. शिलेदाराला दुसरा घोडा घेता आला पाहिजे, हा त्यामागील व्यवहार. ज्या जनावरावर माणसाने पाच-दहा वर्षे मुलुख पालथा घातला, त्याच्या जाण्याचा हिशेब असा रुपयांत मिटे. दुःखाला त्या हिशेबात रकाना नव्हता. अलेक्झांडरने पंजाबात मेलेल्या आपल्या बुसेफलस घोड्याच्या नावाने झेलमकाठी नगर वसविले, मेवाडात हळदीघाटीजवळ राणा प्रतापांच्या चेतकाचा चौथरा बांधला गेला. ही स्मारके एवढी गाजली याचे कारणच हे, की लाखो घोडे नाव न उरता गेले.

शाहूंच्या पदरी खंड्या नावाचा कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी हकिकत आहे. वाघ नेमका कुठे आडवा आला, कुत्रा भुंकून सावध झाला की अंगावर धावून गेला, याविषयी साताऱ्याकडे निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. त्यांतील कोणती खरी, याचा निवाडा आता होणे नाही. पण पुढे जे घडले, त्याची नोंद जेम्स ग्रँट डफने करून ठेवली आहे. डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शाहूंच्या निधनानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, ज्यांच्या आजोबांनी हे पाहिले होते अशा लोकांमध्ये वावरून त्याने माहिती गोळा केली. त्याच्या म्हणण्यानुसार महाराजांनी या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, त्याला पालखीचा मान दिला आणि ती पालखी व तिचा लवाजमा प्रत्यक्षात चालविला जात होता.

डफने हे सारे राजाच्या वेडाचे लक्षण म्हणून लिहिले आहे. त्याच ठिकाणी तो आणखी एक प्रसंग देतो. भर दरबारात मातब्बर सरदारांची भेट घ्यायची असता महाराजांनी कुत्र्याला भरजरी पोशाख आणि जडजवाहीर घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः कधीही पगडी घातली नाही. डफच्या मते धाकट्या राणी सगुणाबाईंच्या मृत्यूने महाराजांचे चित्त भ्रमले होते. सगुणाबाईंचे निधन १७४८ चे.

मराठी परंपरेत हाच प्रसंग वेगळ्या अंगाने सांगितला जातो. भेटीला येणारा सरदार आपल्या भपक्याच्या पोशाखाचा डौल मिरविणारा होता; दागिन्यांनी मोठेपण येत असेल तर ते कुत्र्यालाही येईल, हे त्याला न बोलता दाखवून देण्यासाठी महाराजांनी हा बेत केला, असे म्हणतात. शाहूंची राहणी साधी असे आणि त्यांच्या विनोदबुद्धीच्या कथाही बऱ्याच आहेत, हे पाहता दुसरा अर्थ अधिक पटणारा आहे. डफ हुशार होता, मेहनती होता. पण मराठी दरबारातील थट्टा त्याला कळली नसेल, तर त्यात नवल नाही. तरीही त्याचे म्हणणे साफ उडवून लावता येत नाही. महाराजांची अखेरची वर्षे खरोखरच दुःखाची होती.

एकामागून एक

१७४० या एका वर्षात काय काय झाले, ते पाहावे. एप्रिलमध्ये बाजीराव पेशवे नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पा गेले. त्याच डिसेंबरात विरूबाईंचे निधन झाले. विरूबाई या राणी नव्हत्या. पण महाराजांच्या संसाराची सारी व्यवस्था त्यांच्या हाती होती आणि महाराजांना त्यांचाच आधार होता. त्यानंतर सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्यांतील चढाओढीला धरबंद राहिला नाही. पुत्र जगला नाही. वारस कोण, या प्रश्नाने राजवाड्यात कारस्थानांना ऊत आला. ज्या राजाच्या नावाने अटकेच्या दिशेने पावले पडू लागली होती, त्याला स्वतःच्या वाड्यात मनासारखे एक माणूस मिळू नये, अशी ही अवस्था.

अशा घरात कुत्र्याच्या पालखीचा लवाजमा चालू राहिला. तो राजाचा लहरीपणा, असे म्हणून पुढे जाता येईल. परंतु महाराजांनी आठवण जपण्यासाठी जी गोष्ट निवडली, तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांच्याजवळ पैसा होता. सोन्याची साखळी, चांदीची मूर्ती, चित्र, काहीही करता आले असते. त्यांनी दिले ते माणसांना मिळणारे मान : सनद, जहागीर आणि पालखी. प्राण वाचविणाऱ्या शिपायाला जे द्यायचे, तेच. त्यात कुत्र्याला काहीच कळणार नव्हते. भोयांना, कारकुनांना आणि दरबाऱ्यांना मात्र रोज कळत होते. पालखीमागे चालणाऱ्यांची पोटे भरत होती, हाही त्याचा एक भाग. खंडेराव गुजरांचे उपकार असोत, झीनतउन्निसेची माया असो, पारदच्या पाटलाचा पोरका मुलगा असो. शाहूंनी ऋण फेडण्याची रीत सगळीकडे एकच ठेवलेली दिसते. ज्याचे देणे लागतो, त्याला आपल्यातला करून घ्यायचे.

खंड्या मेला, त्यानंतर त्याची समाधी संगम माहुली येथे झाली. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा जेथे संगम होतो, ते हे स्थान. सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींचे अंत्यसंस्कार येथे होत आणि काठावर त्यांच्या समाध्या बांधल्या जात. म्हणजे कुत्र्याला जागा मिळाली ती वाड्याच्या मागच्या अंगणात नव्हे, तर राजकुटुंबाच्या पंक्तीत. दगडी चौथऱ्यावर बसलेल्या श्वानाची मूर्ती, एवढेच त्याचे स्वरूप. श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे भव्य मंदिर जवळच आहे आणि पलीकडच्या तीरावरील क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव.

येथे वाघ्या आणि खंड्या यांच्यातील फरकही सांगायला हवा, कारण दोघांची गल्लत पुष्कळदा होते. रायगडावरील पुतळा शिवरायांच्या निधनानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, समाधीच्या जीर्णोद्धारानंतर उभा राहिला. ती विसाव्या शतकातील भावना आहे; तिला मान द्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. खंड्याची हकिकत मात्र शाहूंना पाहिलेल्या पिढीच्या स्मृतीतून कागदावर आली. दोन्ही जागी दगडाचा कुत्रा आहे म्हणून दोन्ही कथांना एकच वजन देता येत नाही.

महाराजांचे आजारपण १७४९ मध्ये बळावले. ताराबाईंचा नातू रामराजा यास दत्तक घ्यावे आणि राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, अशा आज्ञा त्यांनी नानासाहेब पेशव्यांना लिहून दिल्या. ज्या ताराबाईंशी तलवारीने सामना केला, त्यांच्याच नातवाला गादी देण्याचा हा निर्णय होता. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यातील रंगमहालात त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. राणी सकवारबाई सती गेल्या. त्या स्वेच्छेने गेल्या की राजकारणाने त्यांना भाग पाडले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

गांगवलीला जन्मलेल्या, रायगडावर खेळलेल्या या छत्रपतींचे मोठे स्मारक महाड परिसरात नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड आणि प्रतापगड यांचा समावेश असलेल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर गडावर येणाऱ्यांना शिवराज्याभिषेकाची जागा, बाजारपेठ, राणीवसा दाखविला जातो. त्या राणीवशाकडे पाहताना सात वर्षांच्या मुलाला घेऊन १६८९ चा पावसाळा वेढ्यात काढणाऱ्या येसूबाईंची आठवण वाटाड्यांनी करून द्यायला हरकत नाही.

शाहू महाराजांची समाधी संगम माहुलीला नदीपात्राच्या अगदी लगत आहे. खंड्याची समाधीही त्याच गावात. विश्वेश्वराच्या दर्शनाला आलेले भाविक घाटावर उतरतात, तेव्हा दोन्ही ठिकाणी पायीच जाता येते.